दहावा अडथळा

मनुष्याची योग्यता त्याच्या यशावरून ठरवावी की त्याच्या प्रयत्नावरून, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथात जितका सोपा दिसतो तितका तो व्यवहारात सोपा राहत नाही. ग्रंथ वाचीत असता आपण सारेच प्रयत्नाच्या पक्षाचे असतो. परंतु बक्षीस वाटताना, नोकरीस माणूस निवडताना, किंवा गत मनुष्याची थोरवी गाताना आपण मुकाट्याने यशाकडे पाहतो. ह्या दुटप्पीपणाची आपणास लाज वाटू नये म्हणून आपण एक सोयीची तोडही काढून ठेविली आहे. ज्यास यश आले त्याचा प्रयत्न पुरा होता, आणि ज्यास अपयश आले त्याच्या प्रयत्नात कोठे तरी उणेपणा असलाच पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. असे एकदा मानले म्हणजे यश आणि योग्यता ही एकाच वस्तूची दोन नावे ठरतात व प्रश्नच उरत नाही. तो उरतो असे माझे म्हणणे आहे. आणि ते स्पष्ट करण्यासाठी मी एका धावपटू स्त्रीची हकीकत वाचकांपुढे मांडणार आहे.

पण त्याआधी ह्या प्रश्नाशी माझा स्वतःचा संबंध कसा आला, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. मी जन्मभर शिक्षकाचा व्यवसाय केला. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक अतिशय बुद्धिमान मुलगी शिकत होती. वर्षानुवर्षे तिचा पहिला क्रमांक कधी चुकला नव्हता. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत शेवटच्या दिवशी, शेवटच्या प्रश्नपत्रिकेतील शेवटचा प्रश्न तिने घाईने वाचला, भलतेच उत्तर लिहिले, आणि शिष्यवृत्ती दुसऱ्या मुलीस मिळाली. निकालानंतर ती मला भेटावयास आली तेव्हा मी तिला म्हणालो, "पोरी, ज्याला शेवट साधत नाही त्याला काहीच साधले नाही असे समजावे." तिने खाली मान घालून ऐकून घेतले व ती निघून गेली. आपण एक मोठे आणि हितकर सत्य सांगितले, अशा समाधानात मी राहिलो. त्या वाक्याविषयी मला पहिली शंका आली ती गेल डेव्हर्स हिच्या चरित्राचा विचार करू लागल्यावर.

डेव्हर्स ही अमेरिकन. तिचा जन्म १९६६ साली सिअॅटल येथे झाला व ती कॅलिफोर्नियात वाढली. शंभर मीटर अडथळ्यांची शर्यत हे तिचे खरे क्षेत्र. ही शर्यत कशी असते हे नीट समजल्याखेरीज तिची कथाही समजणार नाही. धावेच्या मार्गावर दहा अडथळे मांडलेले असतात. प्रत्येकाची उंची ८३.८ सेंटिमीटर. पहिला अडथळा आरंभरेषेपासून १३ मीटरांवर, पुढे दर दोहोंमध्ये साडेआठ मीटरांचे अंतर, आणि दहाव्यानंतर अंतिम रेषेपर्यंत साडेदहा मीटर. दोन अडथळ्यांच्या मध्ये पावले पडावयाची ती तीनच. अडथळा पायाने पडला तरी, तो मुद्दाम पाडलेला नसेल तर, डेव्हर्सच्या काळच्या नियमाप्रमाणे दोष धरीत नसत. त्याची जी शिक्षा होते ती गेलेल्या वेळाच्या आणि ढळलेल्या तोलाच्या रूपाने आपोआपच होते. सारा खेळ साडेबारा सेकंदांच्या आसपास संपतो.

ह्या रचनेत एक विलक्षण गोष्ट आहे, तिकडे वाचकांनी लक्ष द्यावे. साध्या शर्यतीत वेग जितका अधिक तितके बरे. अडथळ्यांच्या शर्यतीत तसे नाही. अंतर ठरलेले आणि पावलेही ठरलेली. त्यामुळे ज्या स्त्रीचा वेग वाढत जातो तिचे पाऊल लांबू पाहते, आणि ते लांबले की ती पुढील अडथळ्याच्या पाजवीपेक्षा फार जवळ जाऊन पोहोचते. म्हणून जी अत्यंत वेगवान असेल तिलाच शेवटच्या अडथळ्यांत आपले पाऊल आखडून घ्यावे लागते. मंद धावणारीस हा धोका ठाऊकच नसतो. तात्पर्य, ह्या शर्यतीत गुण आणि संकट ही दोन्ही एकाच मुळातून उगवतात.

१९८८ साली डेव्हर्सने १२.६१ सेकंदांचा अमेरिकेचा विक्रम केला. पण त्याच वर्षी सोल येथील ऑलिंपिक सामन्यांत ती उपान्त्य फेरीतच मागे पडली. तिचे शरीर तिला दगा देऊ लागले होते, आणि कशामुळे हे कोणासच कळत नव्हते. दोन वर्षांहून अधिक काळ असा गेल्यावर १९९० साली गळ्यातील अवटु ग्रंथीचा विकार, ज्यास डॉक्टर ग्रेव्हजचा रोग म्हणतात, तो तिला जडल्याचे निदान झाले. ह्या रोगात देण्यात येणारे एक औषध खेळाडूंना निषिद्ध असलेल्या औषधांच्या यादीत होते. ते घेण्याचे तिने नाकारले आणि किरणोत्सर्गी उपचार पत्करला. त्याचा परिणाम तिच्या पावलांवर झाला. ती सुजली, फोडांनी भरली, चालणे अशक्य झाले. आणि १९९१ च्या वसंतात पाय कापावे लागतील की काय अशी वेळ आली. उपचारात बदल केल्यावर पाय वाचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियो येथील जागतिक स्पर्धेत त्याच पायांनी तिने अडथळ्यांच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळविला.

पुढच्या वर्षी बार्सिलोना येथे ऑलिंपिक सामने झाले. १ ऑगस्ट १९९२ रोजी डेव्हर्सने शंभर मीटरांची साधी शर्यत १०.८२ सेकंदांत जिंकली. दुसरीस १०.८३ व तिसरीस १०.८४ सेकंद लागले. ही शर्यत तिची मुख्य शर्यत नव्हती. मुख्य शर्यत पाच दिवसांनी व्हावयाची होती. ६ ऑगस्टच्या त्या अंतिम शर्यतीत नऊ अडथळे होईपर्यंत ती स्पष्टपणे पुढे होती. विजयाविषयी पाहणाऱ्यास संशय राहिला नव्हता. परंतु वेगाच्या भरात ती दहाव्या अडथळ्याच्या फार जवळ आली, तिचा पाय अडथळ्यास लागला, तोल गेला, आणि अडखळत, कोलमडत तिने अंतिम रेषेवर अंग टाकले. वेळ १२.७५ सेकंद; क्रमांक पाचवा. १२.६४ सेकंदांत पहिली आली ती पारास्केवी पातुलिदू नावाची ग्रीक स्त्री. तिच्याकडे त्या दिवशी कोणाचे लक्ष नव्हते, आणि आपण जिंकलो हे प्रथम तिचे तिलाही उमगले नाही. ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविणारी ती पहिलीच ग्रीक स्त्री होय.

आता ह्या घटनेचा न्याय कसा करावयाचा? माझ्या मते लोकांत तीन न्याय रूढ आहेत, आणि तिन्ही सदोष आहेत.

पहिला न्याय मी माझ्या विद्यार्थिनीस दिला तो. तो म्हणतो, शेवटी पडली त्याअर्थी तिच्या अंगी काही तरी उणे होते. एकाग्रता सुटली असेल, नाही तर विजयाचा गर्व आधीच झाला असेल. हा न्याय इतका सहज सुचतो ह्याचे एक कारण आपल्या भाषेत आहे. नीतीच्या चुकांची आपली बहुतेक नावे पायाच्या चुकांवरूनच आली आहेत. आपण म्हणतो, अमक्याचे पाऊल वाकडे पडले, तमका घसरला, त्याचे पतन झाले, त्यास ठेच लागली तेव्हा तो शहाणा झाला. स्खलन हा शब्द अडखळण्यालाही आहे आणि शील ढळण्यालाही आहे. त्यामुळे खरोखरीच एखादे माणूस अडखळून पडलेले पाहिले की भाषा आपल्या कानात कुजबुजते, येथे काही दोष असला पाहिजे. वस्तुतः प्रमाद आणि स्खलन ह्यांत मोठे अंतर आहे. जेथे सावध राहणे शक्य असून मनुष्य गाफील राहिला तेथे प्रमाद. डेव्हर्सच्या बाबतीत जे घडले ते गाफीलपणाने नव्हे. पाच दिवसांपूर्वी ज्या वेगाने तिला जगातील अत्यंत वेगवान स्त्री ठरविले त्याच वेगाने तिला दहाव्या अडथळ्यापाशी अर्धे पाऊल अधिक पुढे नेले. तिच्या अंगी वेग थोडा कमी असता तर ती पडली नसती. पण मग ती तितकी पुढेही नसती.

पडणे हा शीलाचा निकाल असेल, तर अथेन्सच्या एका घटनेचे उत्तर ह्या पक्षाने द्यावे. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये ह्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत कॅनडाची पर्डिटा फेलिसियन पहिल्याच अडथळ्यास अडखळून पडली. ती आदल्या वर्षीची जगज्जेती होती. पडताना ती शेजारच्या मार्गात गेली व रशियाची इरीना शेवचेंको हिलाही तिने खाली आणले. शेवचेंकोचा पाय चुकला नव्हता, तिचा वेग चुकला नव्हता, तरी तीही जमिनीवर पडली. तिच्या पडण्याने कोणाच्या शीलाचा निकाल लागला?

दुसरा न्याय दैववाद्यांचा. ते म्हणतात, डेव्हर्सवर अन्याय झाला. खरी विजेती तीच, पदक मात्र चुकून भलतीच्या गळ्यात पडले. ह्या म्हणण्यात दया आहे, आणि दया असल्यामुळे त्यातील अन्याय लपून राहतो. शर्यत दहा अडथळ्यांची होती. नऊ अडथळ्यांनंतरचा निकाल म्हणून जगात काही वस्तू नाही. पातुलिदूने दहाही अडथळे ओलांडले आणि त्यापुढील साडेदहा मीटरही ती पायांवर धावली. तिच्या यशास चूक म्हणणे म्हणजे एका स्त्रीचे सांत्वन करण्यासाठी दुसरीच्या घरी चोरी करणे आहे. परीक्षेत दहांपैकी नऊ प्रश्न बरोबर असले तर आपण नव्वद गुण देतो, म्हणून आपणास वाटते की सर्वत्र असेच असावे. पण रस्सीच्या पुलावरून नदी ओलांडणाऱ्यास नऊ-दशांश नदी ओलांडल्याचे गुण मिळत नाहीत. काही कार्ये अशी असतात की त्यांचा अखेरचा अंश पहिल्या अंशाइतकाच त्यांच्या अंगचा असतो. डेव्हर्स हे जाणून होती. हे मान्य करूनच ती आरंभरेषेवर उभी राहिली होती.

तिसरा न्याय आपल्या देशात फार प्रतिष्ठित आहे. फळाची आसक्तीच नको, कर्म केले म्हणजे झाले, असे तो सांगतो. निष्काम कर्माच्या थोर सिद्धान्ताविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु आपण तो वापरतो केव्हा, इकडे पाहावे. जिंकलेल्यास हा उपदेश कोणी करीत नाही. हार घालून, पेढे वाटून, मिरवणूक संपवून आपण घरी येतो, आणि हरलेल्याच्या दारावरून जाताना त्याला तेवढा निष्कामतेचा उपदेश करतो. अशा वेळी तो सिद्धान्त राहत नाही. अपयशाकडे नीट न पाहण्याची ती एक सभ्य रीत होते. शिवाय, अंतिम रेषेची इच्छाच नसलेली स्त्री अडथळ्यांची शर्यत धावू शकेल काय? तिचे प्रत्येक पाऊल त्या रेषेच्या हिशेबाने टाकलेले असते. जिला फळ नकोच आहे ती दहाव्या अडथळ्यापर्यंत त्या वेगाने पोहोचणारच नाही. आसक्ती सोडणे ह्याचा अर्थ इच्छा सोडणे असा नसून, इच्छा पुरी झाली नाही तरी उद्या पुन्हा कामास लागण्याचे बळ राखणे असा घेतला, तरच तो सिद्धान्त ह्या स्त्रीस लागू पडेल. आणि तसा घेतला तर तो तिला पूर्णपणे लागू पडतो, हे तिच्या पुढील चरित्रावरून दिसेल.

१९९३ साली स्टुटगार्ट येथे डेव्हर्सने अडथळ्यांच्या शर्यतीत १२.४६ सेकंदांत जगज्जेतेपद मिळविले. १९९५ साली ते तिने पुन्हा मिळविले, आणि १९९९ साली सेव्हिल येथे १२.३७ सेकंदांत तिसऱ्यांदा. मध्यंतरी १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरांची साधी शर्यत तिने दुसऱ्यांदा जिंकली. परंतु अडथळ्यांच्या शर्यतीत १२.६६ सेकंद घेऊन ती चौथी आली. तिसरीची वेळ १२.६५ होती. सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक जाणे म्हणजे काय, हे भारतीय वाचकांस समजावून सांगणे नको. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा ह्यांचे चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील पदक तितक्याच अंतराने गेले, आणि आपल्या देशाने ते अद्याप विसरलेले नाही. २००० साली डेव्हर्सने १२.३३ सेकंदांचा अमेरिकेचा विक्रम केला. त्याच वर्षी सिडनी येथे मांडीच्या दुखापतीने तिला उपान्त्य फेरीत थांबावे लागले. २००४ साली, सदतिसाव्या वर्षी, ती अथेन्सला पुन्हा उभी राहिली, आणि पोटरीच्या दुखापतीमुळे पहिल्याच फेरीत पहिल्याच अडथळ्यापाशी तिची शर्यत संपली. पाच ऑलिंपिक सामने झाले, आणि आपल्या खऱ्या शर्यतीत तिला एकही पदक मिळाले नाही. तरीही २००७ साली, चाळिसाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथील मिलरोज सामन्यांत साठ मीटर अडथळ्यांची शर्यत तिने ७.८६ सेकंदांत जिंकली.

ह्या हकीकतीवरून मला जे वाटते ते आपल्या जुन्या दुकानदारांच्या भाषेत सांगतो. पेढीवर दोन वह्या असत, रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत त्या दिवशी जे घडले तेच लिहावयाचे. उद्या काय येणार आहे, काल काय आले होते, ह्याचा तेथे संबंध नाही. आणि लिहिलेली कलमे खोडावयाची नाहीत. खतावणीत मात्र एकेका माणसाचे खाते वर्षानुवर्षे चालते. शर्यत ही रोजकीर्दीतील नोंद आहे. ६ ऑगस्ट १९९२ च्या पानावर पातुलिदू पहिली व डेव्हर्स पाचवी असे लिहिलेले आहे, आणि ते कायम राहिले पाहिजे. दैववाद्यांची चूक अशी की, ते खतावणीतील शिल्लक पाहून रोजकीर्दीचे पान खोडू पाहतात. माझी चूक तिच्या उलट होती. मी रोजकीर्दीचे एक पान पाहून एका मुलीचे सबंध खाते बंद केले.

येथे कोणी चतुर वाचक असा आक्षेप घेईल की, डेव्हर्स तीनदा जगज्जेती झाली म्हणून तुमचा युक्तिवाद उभा राहतो; म्हणजे अखेर तुम्हीही योग्यता यशावरूनच मोजली, फक्त एका दिवसाच्या ऐवजी वीस वर्षांच्या यशावरून मोजली. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याने मला पुष्कळ दिवस अडवून धरले. मी त्यास असे उत्तर देईन. यश हे योग्यतेचे साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदार हजर असला तर खटला सोपा जातो. तो एखाद्या दिवशी आला नाही म्हणून घडलेली गोष्ट घडली नाही असे होत नाही. निषिद्ध औषध नाकारून जिने अधिक कठीण उपचार पत्करला, ज्या पावलांनी चालवत नव्हते त्यांनाच पुन्हा धावावयास जिने शिकविले, तिचे हे कर्म कोणत्याही घड्याळाने मोजलेले नाही. पुढे तिला एकही पदक मिळाले नसते, तर आपणास तिचे नाव कळले नसते इतकेच; तिची योग्यता तिळमात्र कमी झाली नसती. आपले अज्ञान हे तिच्या खात्यातील नावेचे कलम होऊ शकत नाही. आणि जगात जी माणसे आपली सर्व शर्यत साक्षीदारावाचून धावतात, त्यांच्याविषयी बोलताना आपण किती सावध असले पाहिजे, हेही ह्यावरूनच निघते.

असो. माझ्या विद्यार्थिनीची गोष्ट पुरी करून हा लेख संपवितो. ती पुढे स्वतः शिक्षिका झाली. काही वर्षांपूर्वी ती मला भेटावयास आली होती. जुन्या आठवणी निघाल्या तेव्हा मी तिला त्या परीक्षेत किती गुण मिळाले होते असे विचारले. ती हसून म्हणाली, "गुण आता आठवत नाहीत, गुरुजी. तुमचं वाक्य आठवतं. मी ते माझ्या मुलींना कधी म्हणत नाही." तिच्या स्वरात राग नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर सुचले नाही.

नंतर एकटा असताना मी माझ्या मनाशी म्हणून पाहिले की, तेही एक स्खलनच होते. कडक शिस्त हा माझा गुण, त्याच्याच भरात माझा तोल गेला. पण हे समाधान टिकले नाही. डेव्हर्सचा पाय लागला तो पूर्ण वेगात, जेथे विचारास अवकाशच नव्हता. मी खुर्चीत स्वस्थ बसलो होतो. समोर एक मुलगी मान खाली घालून उभी होती. आणि माझ्यापाशी वेळ भरपूर होता. त्याला स्खलन म्हणता येत नाही.